चौदा जानेवारीच्या तेवीस बाया

चंद्राबाई कॅन्सरनं मेली, असं मिरजेच्या दवाखान्यानं कागदावर लिहून दिलं. हरणाबाईला ते पटलं नाही. तिच्या लेखी चंद्राबाईला एका कार्डानं मारलं होतं, आणि ते कार्ड लिहिणारा माणूस सांगलीत विश्रामबागेत बंगला बांधून सुखात राहत होता.

दोघी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. जतच्या पलीकडं, कानडी मुलूख सुरू होतो तिथं त्यांची धनगरांची वस्ती. वस्ती म्हणजे पावसाळ्यापुरती. दिवाळी झाली की चारशे मेंढरं, चार घोडी, पोरंबाळं, कोंबड्या, सगळं चालत निघायचं ते कृष्णाकाठाला. ऊस तुटलेल्या रानात तळ टाकून मेंढरं बसवायची. रानाला खत, धनगराला दाणे. मृग तोंडावर आला की माघारी. दिवाळी ते मृग वस्तीवर असतं कोण? ज्यांना चालवत नाही असली चार म्हातारी आणि कुत्री. हे एसटीच्या कंडक्टरला माहीत, पोस्टमनला माहीत, कोंबड्या चोरणाऱ्याला तर पक्कं माहीत. एका सुमंत डॉक्टरला तेवढं माहीत नव्हतं.

सुमंत डॉक्टर बायकांचा डॉक्टर. त्याचा ट्रस्ट होता, ट्रस्टची जीप होती, जीपवर हसऱ्या बाईचं चित्र होतं. सत्त्याण्णव सालच्या संक्रांतीला ट्रस्टनं जतकडच्या वस्त्यांवर बायकांची कॅन्सर तपासणी केली. म्हणजे केली असं छापलं. हरणाबाईचा तळ जूनमध्ये वस्तीवर परतला तेव्हा ग्रामसेवकानं तेवीस गुलाबी कार्डं आणून दिली. गोल शिक्का मारलेली, मतदार यादीतल्या क्रमानं. चंद्राबाईची सून राणी चौथी शिकलेली. तिनं वाचलं, "गर्भाशयमुख तपासणी. तारीख चौदा जानेवारी. नॉर्मल."

"म्हंजी काय गं?" चंद्राबाईनं विचारलं.

"म्हंजी चांगलं हाय."

"कवा तपासलं पर?"

"मागं सुई टोचाय नर्स आलती, तवाच बगितलं आसंल," एक बाई म्हणाली. सगळ्यांना ते खरं वाटलं. कागदाला शिक्का आहे म्हटल्यावर तपासणी कुणीतरी केलीच असणार. आपल्यालाच कळलं नसेल. गरिबाला स्वतःच्या अंगापेक्षा शिक्क्याचा भरवसा जास्त, आणि ही खोड त्याला कुणी लावली ते मी सांगत बसत नाही. कार्ड रेशनकार्डाबरोबर पेटीत गेलं.

त्या दिवाळीत चंद्राबाईच्या अंगावरून रक्त जायला लागलं. पाळी जाऊन चार वर्षं झालेली. तिनं वाटेवरच्या दवाखान्यात कार्ड दाखवलं. तिथला डॉक्टर म्हणाला, "तपासणी झालीय की. नॉर्मल आहे. अशक्तपणा आहे, गोळ्या घ्या." आठ महिने ती लोहाच्या गोळ्या खात मेंढरांमागं चालली. अंगाला वास यायला लागला तेव्हा हरणाबाईनं तिला घोड्यावर घातलं, मग एसटीत, आणि मिरजेला नेलं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं आणि हातमोजा काढून टाकला. मग कार्ड हातात घेऊन म्हणाल्या, "दीड वर्षापूर्वी नॉर्मल? कुठं तपासलं होतं? चौदा जानेवारी."

"चौदा जानेवारी म्हंजी कवा?"

"संक्रांत, मावशी."

हरणाबाईच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. संक्रांतीला आमी वस्तीवर कुटं हुतो? संक्रांतीला तळ पलूसला होता. आणि पलूसला कुणाच्या रानात? सुमंत डॉक्टरच्याच रानात! डॉक्टरची तिथं द्राक्षबाग होती आणि बागेला लागून सहा एकर मोकळं रान. ते बघायचा वाटेकरी आकाराम. तोच दरवर्षी मेंढरं बसवून घ्यायचा. ज्या दिवशी डॉक्टरनं सत्तर मैलांवर तेवीस बाया तपासल्या, त्या दिवशी त्या तेवीस बाया त्याच्या रानात भाकरी थापत होत्या.

श्रावणात चंद्राबाई गेली.

दसरा झाल्यावर हरणाबाई सांगलीला गेली, एकटी. दवाखान्यात गारेगार बाकड्यावर तीन तास बसली. आत घेतलं तेव्हा डॉक्टर काहीतरी लिहीत होता. तिनं कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "डाक्टरसाब, ही माझी भन. तुमी हिला कवा तपासलं?"

डॉक्टरनं कार्ड उलटसुलट केलं. "शिबिरात. तारीख आहे ना."

"आमी न्हवतो तितं."

"तुम्हाला आठवत नसेल, बाई," डॉक्टर म्हणाला आणि बेल वाजवली. दुसरी बाई आत आली.

तुम्हाला आठवत नसेल. हरणाबाई चारशे मेंढरांतली प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखायची. कुठली कुठल्या पावसात व्यायली, तिच्या आईला कुठला रोग झाला, सगळं तोंडपाठ. आणि तिला आपण संक्रांतीला कुठं होतो ते आठवत नाही! ती पायरीवर थुंकली आणि परत आली.

त्या वर्षी नवरा बिराप्पा म्हणाला, "औंदा पलूसला नगं. दुसऱ्याच्या रानात बसू."

"त्येच्याच रानात बसायचं."

"कशाला?"

"मेंढरं द्राक्षात सोडणार हाय मी."

ती हसण्यावारी बोलत नव्हती. घड भरायला लागलेली बाग आणि चारशे तोंडं. सकाळी नुसत्या तारा राहिल्या असत्या. बिराप्पानं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि म्हणाला, "बागंचा इमा हाय त्येचा. आकारामचं प्वाट मारशील फकस्त." हरणाबाईनं द्राक्षांचं मनातून काढलं. पण तळ त्याच रानात पडला.

नव्याण्णवच्या जानेवारीत एक मुलगी लुना फटफटवत रानात आली. अश्लेषा, वाईची, पंचविशीतली. मुंबईच्या एका संस्थेचा अभ्यास चालू होता, त्यातली कार्यकर्ती. पिशवीत नळ्या होत्या. प्रत्येक नळीत पाणी, बरोबर कापसासारखा बारीक ब्रश लावलेली काडी, नळीवर नंबर.

"टेबलावर झोपायचं नाही, डॉक्टर नाही, काही नाही," ती म्हणाली. "काडी आपली आपण आत घालायची, तीन वेढे फिरवायचे, नळीत बुडवायची. नळी मुंबईला जाते. गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर करणारा विषाणू आहे का ते तिथं कळतं. सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. मिरजेला नेऊन आत बघायचं. लवकर सापडलं तर गार गॅसनं तेवढीच जागा मारतात, बाई संध्याकाळी घरी."

बायांनी पदर तोंडाला लावले. एकजण म्हणाली, "सवताच्या हातानं? शीऽ!"

"आगं भवाने," हरणाबाई उसळली. "मेंढीच्या पोटात कोकरू आडवं आलं तर कोपरापत्तूर हात घालून फिरवतीस. आन सवताच्या अंगात काडी घालाय लाज वाटती व्हय?"

"मेंढी कुटं कुणाला सांगाय जाती?"

"मग तू बी सांगू नगंस. आन त्वांड मिटून मेलीस की तुजं बी कार्ड 'चांगलं हाय' म्हणून येतंय बग."

हशा पिकला, पण तो लवकर विरला. चंद्राबाई सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होती. घोंगड्यांचा आडोसा बांधला. पहिली हरणाबाई आत गेली. बाहेर आली आणि नळी वर धरून म्हणाली, "तपासणी ही आसती. बाई हजर लागती हिला."

अश्लेषा दर आठवड्याला येऊ शकत नव्हती. तिनं हरणाबाईला सगळं शिकवलं. नंबर कसा जुळवायचा, नळी कशी बंद करायची, आसपासच्या तळांवर आणि ऊसतोडीच्या बायांत कसं सांगायचं. निकालाच्या चिठ्ठ्या दोन रंगांच्या, हिरवी म्हणजे निवांत, लाल म्हणजे मिरजेला चला. थोड्या कोऱ्या चिठ्ठ्याही ती ठेवून गेली, आणि कुठली नळी कुणाची हा हिशोब राणी ठेवायची. हरणाबाईनं ते काम मनापासून केलं. पुण्य म्हणून नव्हे, खुन्नस म्हणून. एकेक नळी भरली की तिला वाटायचं, सुमंत डॉक्टरच्या कानाखाली एक बसली.

एका रविवारी आडोशापाशी शरयूवहिनी येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरची बायको. महिन्या-दीड महिन्यानं बाग बघायला यायच्या, बायांशी दोन शब्द बोलायच्या. त्यांनी अश्लेषाचं सगळं ऐकून घेतलं आणि नंतर हरणाबाईला बांधावर गाठलं.

"हरणाबाई, मला एक नळी देशील?"

"तुमाला? तुमच्या घरात डाक्टर हाय की!"

शरयूवहिनींनी बागेकडं बघितलं. "यांनी मला कधी तपासलं नाही. दुसऱ्याकडं जायचं तर सांगलीतले सगळे डॉक्टर यांचे मित्र, दिवाळीला फराळाला येणारे. कुणापुढं झोपू? दोन वर्षं झाली, मधेच रक्त दिसतं. यांना सांगू नकोस."

डॉक्टरच्या बायकोला डॉक्टर नव्हता. हरणाबाईनं तिच्याकडं बघितलं. मऊ हात, सोन्याच्या पाटल्या, आणि डोळ्यांत चंद्राबाईच्या डोळ्यांत होती तीच भीती. तिनं नळी दिली. नंबर एकतीस.

निकाल मार्चात आले. अश्लेषानं चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला आणि मिरजेची जीप पुढच्या शनिवारी येईल असं सांगून ती इस्लामपूरकडं गेली. लाल चिठ्ठ्या चार होत्या. दोन ऊसतोडीच्या बायांच्या, एक राणीची. चौथीवर एकतीस.

हरणाबाईनं आधी राणीला जवळ बसवलं. राणी चिठ्ठीकडं बघत राहिली, मग म्हणाली, "सासूबाईसारखं हुईल का वं मला?"

"न्हाई. तू शनवारी मिरजंला जाशील. तिला जाऊ दिलं न्हाई, तुला मी वडून नेईन."

राणीनं डोळे पुसले. तेवढ्यात तिची नजर एकतीसवर गेली. "ही डाक्टरच्या बायकूची न्हवं?" मग आवाज खाली आणून, "आत्ती. तुमच्याजवळ हिरव्या कोऱ्या चिठ्ठ्या हायत की."

"हायत."

"द्या मग हिरवी. द्या! आठ म्हयनं बसू दे निवांत. मग कळंल त्येला, कार्ड म्हंजी काय आसतं."

हरणाबाईनं चिठ्ठ्या कमरेच्या पिशवीत घातल्या. राणीनं नवं काय सांगितलं होतं? एकतीस नंबर बघितल्या क्षणापासून तेच तिच्या डोक्यात होतं. द्राक्षबागेला विमा होता. याला विमा नव्हता. मापाला माप. कुणाला कळलं नसतं. डॉक्टर आपल्या बायकोला घोड्यावर घालून नेताना कसा दिसेल, ते तिनं तीन दिवस डोळ्यांपुढं आणलं. चूल फुंकताना, मेंढरांभोवती वाघरीची जाळी ठोकताना, दूध काढताना. तिला ते गोड लागलं, आणि ते मी लपवणार नाही. ज्यांची बहीण मेली नाही त्यांनी तिला शहाणपण सांगायला येऊ नये.

रविवारी शरयूवहिनी आल्या. बांधावरच्या बाभळीखाली दोघी बसल्या. राणी लांबून बघत होती.

हरणाबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि हिरवी चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली.

"हिरवी म्हणजे..."

"निवांत."

शरयूवहिनींनी डोळे मिटले. दोन वर्षांचा श्वास सोडला बाईनं. हसल्या, हरणाबाईचा हात धरला, म्हणाल्या, "देवासारखी भेटलीस बघ. किती रात्री झोपले नव्हते. आता घरी जाऊन आधी गोडाचं करते."

हरणाबाई त्यांचा हसरा चेहरा बघत राहिली. कार्ड मिळालं त्या दिवशी चंद्राबाई अशीच हसली होती, म्हणाली होती, "चांगलं हाय म्हण की गं मग." अगदी असंच. हा चेहरा पुरा बघितल्याशिवाय तिला पुढं जायचं नव्हतं. तिनं तो बघून घेतला. मग म्हणाली,

"वैनी, ते खोटं हाय."

"काय?"

"मी लिवलेलं हाय ते. बसल्या बसल्या." तिनं लाल चिठ्ठी पुढं केली. "ही तुमची."

शरयूवहिनींनी तिचा हात सोडला. त्यांनी चिठ्ठी वाचली, परत वाचली. तोंड पांढरं पडलं, मग लाल झालं. "तू... तुला लाज नाही वाटली? असल्या गोष्टीत खोटं? माणूस मरतं यानं!"

"मरतं. माजी भन मेली." हरणाबाईनं गुलाबी कार्ड काढून लाल चिठ्ठीवर ठेवलं. "तुमाला घटकाभर कसं गार वाटलं? तिला आठ म्हयनं वाटलं. ही सही वळखता का बगा."

सही ओळखायला वेळ लागला नाही. शरयूवहिनी तारीख वाचत होत्या. बराच वेळ वाचत होत्या. मग पुटपुटल्या, "सत्त्याण्णवची संक्रांत. मी इथं आले होते. आकारामच्या घरी हळदीकुंकू केलं, तुम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. चंद्राबाईला मी स्वतः तिळगूळ दिला. तिनं विचारलं, वैनी, ह्यात शेंगदाणं हायत का, मला दात न्हाईत."

"मला आठवत नसंल, म्हणला तुमचा मालक."

शरयूवहिनी रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर हरणाबाई उठून गेली असती. त्यांनी पदर खांद्यावर घेतला आणि पहिल्यांदाच अहो-जाहो करत विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे, हरणाबाई?"

"त्यो. हितं. ह्या रानात. बायांम्होरं."

शनिवारी सकाळी मिरजेची जीप आली, तिच्यामागोमाग डॉक्टरची पांढरी मारुती. शरयूवहिनींनी त्याला घरी काय सांगितलं ते नंतर कळलं. त्यांनी लाल चिठ्ठी जेवणाच्या टेबलावर ठेवली होती, शेजारी पेन. "यावर नॉर्मल लिहा," म्हणाल्या होत्या. "तुम्हाला सवय आहे. तुम्ही पलूसला येणार नसाल तर मी मिरजेला जाणार नाही. मग ट्रस्टच्या पुढच्या अहवालात बायकोलाही धरा."

डॉक्टर उतरला. खुर्ची कुठं दिसेना. राणीनं घोंगडं अंथरलं, तो त्यावर मांडी घालून बसला, पॅंट गुडघ्यात ताणली. बावीस बाया गोल करून बसल्या. अश्लेषा जीपपाशी उभी होती. हिरव्या चिठ्ठीचं तिला कळलं होतं. "असं परत करायचं नाही, हरणाबाई. एकदाही नाही," असं तिनं खडसावलं होतं, आणि हरणाबाईनं मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. त्या एका गोष्टीत तिनं मान खाली घातली.

पहिल्या बाईनं कार्ड पुढं ठेवलं. डॉक्टरनं विचारलं, "नाव काय तुमचं?"

"तपासलंस न्हवं मला? मग नाव ठावं आसंल की."

बाया हसल्या. डॉक्टरच्या कानशिलाची शीर उडायला लागली. "हे बघा, शिबिराचा सगळा कागदोपत्री कारभार कर्मचारी बघत होते. मी फक्त सह्या..."

"लिवा," हरणाबाई म्हणाली. "ह्या बाईची तपासणी केलेली न्हाई. कार्ड खोटं हाय. खाली सही, आजची तारीख."

"याचा अर्थ कळतो का तुम्हाला? माझी नोंदणी जाईल. बाहेर तोंड दाखवता येणार नाही."

"वीस-बावीस वर्सं दुसऱ्यांच्या बायकांची अंगं बगितलीस. एक दीस तुजं त्वांड लोकांनी बगितलं तर काय झालं?"

डॉक्टरनं बायकोकडं बघितलं. शरयूवहिनी जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या, राणीसाठी शेजारची जागा धरून. त्या एवढंच म्हणाल्या, "लवकर लिहा. उशीर होतोय."

अश्लेषाचं पेन घेऊन तो लिहायला लागला. प्रत्येक कार्ड राणी हातात घ्यायची, मोठ्यानं वाचायची, मग पुढचं द्यायची. सातव्या कार्डाला ती थांबली. "आत्ती, ह्यो विंग्रजीत लिवतुया."

"मराठीत लिव," चारपाच बाया एकदम ओरडल्या.

त्यानं मराठीत लिहिलं. नववं, दहावं, पंधरावं. उन्हं चढली. कुणी त्याला पाणी विचारलं नाही. आकाराम बागेच्या कडेला येऊन उभा राहिला होता. मालकाकडं बघायचा आणि मान फिरवायचा. नंतर मान फिरवायचीही बंद केली.

बावीस झाली. तेविसावं हरणाबाईनं स्वतः पुढं ठेवलं. त्यानं तेच लिहिलं आणि सही करायला गेला.

"थांब. आनि एक वळ लिव. ह्या कार्डाच्या भरवशावर ही बाई आठ म्हयनं गप ऱ्हायली आनि मेली."

"हे मी लिहू शकत नाही." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "आजार कशानं वाढला हे वैद्यकीयदृष्ट्या असं एका वाक्यात..."

"तुला 'नॉर्मल' एका शब्दात लिवता आलं."

जीपमध्ये राणी चढली होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. शरयूवहिनी काचेतून त्याच्याकडं बघत होत्या, आणि त्या बघण्यात बायकोचं असं काही उरलं नव्हतं. डॉक्टरनं पेन उचललं. ओळ वाकडी गेली, पण पुरी झाली.

हरणाबाईनं तेवीस कार्डं अश्लेषाच्या हातात दिली. "जिल्ह्याच्या मोठ्या सायबाकडं द्या. त्येच्याआधी सगळ्याची झेराक्स काडा. सायबाकडनं हरवतील."

"हरणाबाई," डॉक्टर उठला. पायाला मुंग्या आल्या होत्या, हेलपाटला. आवाज खाली आला होता. "झालं ना आता तुमच्या मनासारखं? चूक झाली माझ्याकडून. हात जोडतो. हे इथंच मिटवा."

हरणाबाईनं त्याचे जोडलेले हात बघितले. तिला वाटलं होतं, हे बघून पोटातला जाळ विझेल. तो विझला नव्हता. उलट तिच्या ध्यानात आलं की तेवीस ही फक्त तिच्या वस्तीची गणती होती. ट्रस्टनं त्या संक्रांतीला किती वस्त्या तपासल्या होत्या?

जीप धूळ उडवत मिरजेच्या वाटेला लागली. शरयूवहिनींनी मागं वळून बघितलं नाही. डॉक्टर मारुतीचं दार उघडून उभा होता.

"म्होरल्या ऐतवारी परत यायचं," हरणाबाई म्हणाली. "लोणंदकडं गेल्याला तळ माघारी येतोय. त्यांच्यात अकरा बाया हायत, त्यांची बी संक्रांत तुज्याच वहीत झालीया. आन येताना पेन तुजं आण. ह्या पोरीचं संपाय आलंय."